बाकड्याचं माप

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. जाऊ द्या, तुमच्या तोंडावरूनच दिसतंय की तुम्ही हसणार. हसा! सगळा बाजार हसला, काष्टीची एक अख्खी आळी हसली, त्यात तुमची आणखी काय भर पडणार? फक्त चहा घ्या समोर ओढून. हा घोळ एका घोटात संपणारा नाही.

बांगलादेशची लढाई नुकतीच संपली होती, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी पुण्याला डिप्लोमा करून नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेत ओव्हरसियर म्हणून लागलो होतो. गावाचं नाव विचारू नका. तिथं अजून माझी ऊठबस आहे. नोकरी कच्ची होती, पण माझा रुबाब पक्का! पांढरी पँट, पांढरा शर्ट, हातात काळी बॅग. आरशात बघितलं की मला वाटायचं, साक्षात इंजिनियर चाललाय. लोकांना काय वाटायचं, ते पुढं कळेलच.

आमच्या एसटी स्टँडसमोर एक मोठा चौक होता. मंगळवारी तिथं बाजार भरायचा. चौकात पालिकेनं कधीतरी लोखंडी बाकडी टाकली होती. कुठं? भर उन्हात! आणि तोंडं कुठं? मुतारीच्या भिंतीकडं! उन्हाळ्यात त्या बाकड्यांवर भाकरी भाजली असती. जामखेडच्या गाडीची वाट बघणारी म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया बिचाऱ्या दुकानांच्या पायऱ्यांवर अंग चोरून बसायच्या. दुकानदार हाकलायचे, की पुढच्या पायरीवर.

आमचे नगराध्यक्ष रावसाहेब. माणूस दिलदार, गोल गरगरीत, बुटका आणि हौशी. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "शिंदे, चौकात कारंजं बसवायचं. रंगीत दिवे लावायचे. आजूबाजूची गावं बघायला आली पायजेत!"

"साहेब, नळाला एक दिवसाआड पाणी येतंय. कारंज्यात काय सोडायचं?"

रावसाहेब विचारात पडले. मी लगेच घोडं दामटलं. म्हटलं, साहेब, कारंजं बघून माणूस दोन मिनिटांत निघून जातो. त्याला बसायला जागा द्या, सावली द्या, तो तुम्हाला दिवसभर दुवा देईल. नळकोंडाळ्याचं सांडपाणी वाया जातंय, त्याला चर काढून लिंबाची झाडं लावू. झाडं मोठी होईपर्यंत वर उसाच्या पाचटाचा मांडव घालू. आणि खाली शहाबादी फरशीची पक्की बाकडी, अशी की बसलेल्या माणसाला उठावंसं वाटू नये!

रावसाहेब म्हणाले, "ठीक हाय. पर एक सांगतो. लोकं बसली न्हाईत, तर तुमीबी या हापिसात बसायचं न्हाई."

झालं! आता बाकडं किती उंच करायचं? माझ्या पुस्तकात माप होतं, पण ते पुस्तक गोऱ्या साहेबाच्या देशातलं. तिकडची माणसं खुर्चीत वाढलेली, आमची घोंगडीवर. मी ठरवलं, आपल्या बाजारातल्या आपल्याच माणसांची मापं घ्यायची. गुडघ्याच्या मागच्या खोबणीपासून टाचेपर्यंत टेप लावायची, एका लांब काठीवर खडूनं तेवढी खूण करायची. जिथं खुणांची दाटी होईल, ती आपल्या बाकड्याची उंची. काय कल्पना होती! आदल्या संध्याकाळी घरी मी पहिलं माप स्वतःचंच घेऊन बघितलं. मी आत्याकडं राहायचो. तिनं टेपचं दुसरं टोक धरलं.

आता दोन गोष्टी तुम्हाला माहीत हव्यात, ज्या मला माहीत असूनही माझ्या डोक्यात आल्या नाहीत.

एक म्हणजे, त्या आठवड्यात चौकामागच्या सरकारी दवाखान्यात कुटुंब नियोजनाचं शिबिर होतं. पुरुषांच्या ऑपरेशनचं. भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण रंगवलेले, ऑपरेशन करून घेणाऱ्याला बादली मिळणार अशी बोलवा, आणि गावातल्या सगळ्या सरकारी माणसांना वरून सांगितलेलं, की गिऱ्हाईकं गोळा करून आणा. बाजाराला येणारा माणूस पांढरे कपडे दिसले की रस्ता बदलायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे, आत्यानं माझं लग्न काढलं होतं. काष्टीचं स्थळ. मुलगी सुमन, मॅट्रिक झालेली. मुलीच्या वडलांना सगळे अण्णा म्हणत. मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. ते एखाद्या दिवशी येऊन मुलाला लांबूनच बघून जाणार होते, मुलाला न सांगता. पूर्वी अशीच रीत होती. नोकरीच्या जागी मुलगा कसा वागतो, कुणाशी कसा बोलतो, ते गुपचूप बघायचं.

मंगळवारी सकाळी मी चौकात हजर! हबीबभाईच्या चहाच्या टपरीपुढं एक खोकं मांडलं, टेप काढली, काठी उभी केली. हबीबभाई माझा दोस्त. म्हणाला, "शिंदेसाब, क्या नाप रहे?"

"माणसं मोजतोय, हबीबभाई!"

तो माझ्याकडं बघत राहिला. चहा उतू गेला.

पहिले काका आले खांद्यावर कांद्याची पिशवी घेऊन. मी त्यांना हात धरून खोक्यावर बसवलं. बाकडं किती लांब हवं तेही काढायचं होतं ना? एका घरची किती माणसं शेजारी बसणार, ते कळायला हवं. म्हणून मी अगदी गोड आवाजात विचारलं, "काका, पोरं किती तुम्हाला?"

काका चपापले. "पाच हायेत. का वो?"

"पाच! अरे बापरे. मग काहीतरी करायलाच हवं."

"काय करायला हवं?"

"घाबरू नका. धोतर जरा वर घ्या."

पुढचं मला नीट सांगता येत नाही, कारण काका डोळ्यांदेखत नाहीसे झाले. कांदे राहिले. मी त्यांच्या मागं थोडा धावलो, टेप घेऊन! "काका, थांबा, दोन मिनिटांचं काम आहे!" असं ओरडत. आता मला सांगा, पांढऱ्या कपड्यातला, काळ्या बॅगवाला माणूस हातात टेप घेऊन असं ओरडत मागं लागला, तर तुम्ही थांबाल?

बघता बघता बाजार आटत गेला. आधी धान्याची ओळ रिकामी झाली, मग बैलांची. बायाच तेवढ्या राहिल्या, त्याही तोंडाला पदर लावून माझ्याकडं बघत होत्या. चाळिशीच्या पुढचा एक पुरुष दिसेना. मला वाटलं, आज बाजार लवकर उठला की काय!

हबीबभाईची मात्र पंचाईत झाली. चहा प्यायला माणूस नाही. काय चाललंय ते त्याच्या कानावर आलं होतं. मला सांगण्याऐवजी त्यानं परस्परच इलाज केला. माझ्या नकळत बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन ओरडला, "अरे भागते कायको? वो दवाखानेवाला नहीं! मिलिटरीचा मानूस हाय! भरती करतोय!"

बिचाऱ्यानं चांगल्या मनानं केलं हो. पण आपला नगर जिल्हा, फौजेत जायची हौस घरोघरी! त्यात नुकती लढाई जिंकलेली! अर्ध्या तासात तालुक्यातली झाडून सगळी उंच, धिप्पाड पोरं खोक्यापुढं रांग लावून उभी. कुणी केस कापून आलेला, कुणी शर्ट काढून. एकजण तर कपाळाला टिळा लावून, आईच्या पाया पडून आला होता.

मी गहिवरलो. खरंच सांगतो. मनात म्हटलं, याला म्हणतात लोकांचा सहभाग! कारंज्यासाठी लागली असती का अशी रांग?

मी एकेकाला बसवून माप घेत सुटलो. एका पैलवानानं छाती फुगवून विचारलं, "सायेब, छाती न्हाई मोजायची?"

"छाती कशाला? बसायला काय छाती लागते?"

"आन पळायचं?"

"अजिबात पळायचं नाही. आपल्याला निवांत बसणारी माणसं हवी आहेत."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मागून कुणीतरी, मला ऐकू येणार नाही असं, समजूत काढली, "आरं, नगरला रणगाडे हायेत न्हाई का? त्यात बसायचं आसंल!" त्यावर सगळ्यांच्या माना डोलल्या आणि रांग आणखी वाढली.

दुपारपर्यंत माझ्या काठीवर खडूच्या खुणांची दाटी झाली. घाम पुसत मी चहाला टेकलो, तेवढ्यात पलीकडच्या पायरीवरून एक गृहस्थ उठून आले. पांढरं स्वच्छ धोतर, डोक्याला फेटा, भरघोस मिशा. बराच वेळ ते मला न्याहाळत होते.

"राम राम. शिंदे तुमीच ना?"

"हो, मीच. बसा ना."

ते बसले नाहीत. "ह्ये काम तुमच्याकडंच हाय व्हय?"

"माझ्याकडंच! मीच रावसाहेबांच्या मागं लागून काढलं."

"आसं? सोताहून?" त्यांच्या कपाळाला आठी पडली. "लोकं ऐकत्यात का?"

"आधी बिचकतात. सकाळी एक काका तर पळूनच गेले. पण एकदा सुख कळलं की स्वतः येतील, बायकापोरांना घेऊन येतील."

ते खाकरले. इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "ऱ्हावत न्हाई म्हनून इचारतो. तुमी सोताचं... केलंय का?"

"म्हणजे काय! सुरुवातच स्वतःपासून केली. आपलं आधी करावं, मगच लोकांना सांगावं. काल संध्याकाळीच केलं, घरी."

"घरी?"

"घरीच की. आत्यानं दुसरं टोक धरलं होतं."

गृहस्थांनी टपरीचा खांब धरला.

"आवो, पर... लगीन व्हायच्या आदी?"

मला हसूच आलं. "लग्नाचा काय संबंध? उलट लग्नाआधी उरकलेलं बरं. नंतर वेळ कुठं मिळतो?"

"आन दुखलं न्हाई?"

"छे! दुखायचंय काय त्यात? तुमचंही करून टाकू का? या, बसा, धोतर जरा..."

त्या वयाचा माणूस एवढ्या चपळाईनं चालत्या बैलगाडीत उडी मारताना मी तोवर पाहिला नव्हता. गाडी कुणाची होती, हेही त्यांनी बघितलं नसावं.

तुमच्या लक्षात आलं ना ते कोण होते? माझ्या नाही आलं! मी शीळ घालत घरी गेलो.

दारातच आत्या. डोळे लाल, कमरेला पदर खोचलेला. माझी आत्या तशी शांत बाई, पण त्या दिवशी तिच्या हातात लाटणं होतं. स्थळ सुचवणारे मध्यस्थ येऊन गेले होते. काष्टीकरांचा नकार! कारण? "मुलानं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय की त्यानं ऑपरेशन करून घेतलंय!"

"कुणी? मी? कधी?"

"काल संध्याकाळी! घरात! आणि काय रे मेल्या, मी दुसरं टोक धरलं होतं?"

मी मटकन खाली बसलो. सकाळपासूनचा एकेक शब्द आठवायला लागला. पोरं किती, धोतर वर घ्या, दोन मिनिटांचं काम. जसजसं आठवत गेलं तसतसे माझे कान तापत गेले. आत्याला सगळं समजावून सांगितलं, तर तिनं कपाळावर हात मारला आणि मग इतकी हसली, इतकी हसली, की लाटणं हातातून पडलं. मग लाटणं उचलताना म्हणाली, "अरे, पण ही बातमी काष्टीतच थांबणार आहे का? यापुढं तुला मुलगी कोण देईल?"

हसू नका! एका बिनलग्नाच्या माणसावर केवढा प्रसंग आहे, बघा तरी!

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आत्या आणि मी काष्टीला. बरोबर पुरावा म्हणून टेप आणि खडूच्या खुणांची ती लांब काठी. काठी एसटीत आडवी मावेना. कंडक्टर म्हणाला, "कुनाला मारायला निघालात?"

अण्णा ओसरीवर बसले होते. मला बघताच उठून उभे राहिले आणि नकळत धोतराचा सोगा आवळून धरला. मी हात जोडून सगळं सांगितलं. बाकडं, माप, मांडव, लिंबाची झाडं. ते ऐकत होते, पण विश्वास काही दिसेना.

"मग पोरं किती, ह्ये कशापायी इचारत हुता?"

"अण्णा, बाकड्याच्या लांबीसाठी!"

"आन मिलिटरी?"

"मिलिटरी कसली?" हे मला खरंच माहीत नव्हतं.

तेवढ्यात आतल्या दाराआडून हसण्याचा असा फवारा उडाला, की ओसरीवरची कोंबडी फडफडली. सुमन होती. दाराआडून सगळं ऐकत होती. चहा घेऊन बाहेर आली ती हसू दाबतच. कप ठेवले आणि वडलांना म्हणाली, "अण्णा, बसा की खाटंवर. त्यांना माप घेऊन दावू द्या. खोटं आसंल तर कळंलच."

अण्णा जीव मुठीत धरून बसले. मी टेप लावली, काठीवर खूण केली, लांब झालो. अण्णांनी डोळे उघडले. "झालं?"

"झालं."

"येवढंच?"

"एवढंच, अण्णा."

मग मात्र अण्णा हसले. काय सांगू, मिशांसकट हसले! आळीतली माणसं गोळा झाली, त्यांना त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, बैलगाडीतल्या उडीसकट. लग्न ठरलं. निघताना सुमननं हळूच विचारलं, "बाजारात बायाबी येत्यात. त्यांना कुटं बसायचं?" मी म्हटलं, वा! आणि नळकोंडाळ्याजवळ बायकांसाठी वेगळं बाकडं वाढवलं, पाण्याच्या रांगेत उभं राहून पाय मोडू नयेत म्हणून. तिचा प्रश्न मला इतका आवडला, की त्यातून मापाबद्दलही काही शिकायचं होतं, हे सुचलंच नाही.

काठी गवंड्याच्या हातात देऊन मी लग्नाच्या खरेदीला लागलो. आठवड्याभरानं येऊन बघतो तर चौक ओळखू येईना. देवळाली प्रवराहून आणलेल्या पाचटाचा गार मांडव, चरातून झुळूझुळू पाणी, कुंपणात लिंबाची रोपं, आणि सावलीत शहाबादीची काळी तुकतुकीत बाकडी. जुनी लोखंडी बाकडी उचलून नेली होती. रावसाहेबांची ताकीद होती, उद्घाटनाआधी कुणीही बसायचं नाही. म्हणून भोवती दोरी बांधली होती. मीही बसलो नाही. शिस्त म्हणजे शिस्त!

उद्घाटनाला सगळा तालुका लोटला. काष्टीहून अण्णाही आले. रावसाहेबांनी फीत कापली, छोटंसं भाषण केलं, आणि टाळ्यांच्या गजरात बाकड्याला पाठ लावून बसायला गेले.

बसले नाहीत. आणखी एकदा प्रयत्न केला. नाही. मग दोन मेंबरांनी त्यांना काखेत हात घालून वर चढवलं. रावसाहेब बसले खरे, पण पाय हवेत! पाळण्यातल्या बाळासारखे हलत होते. एक चप्पल गळून पडली.

बाकी मंडळी चढली. हो, चढलीच. आत्या चढली, हबीबभाई चढला. सगळ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे पाय लोंबकळत होते. मागं मात्र ती भरतीची पोरं ताठ उभी होती. लांब लांब तंगड्यांची, एकही न बसलेली. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! बसणारी माणसं त्या दिवशी सगळी पळून गेली होती. एक माझी आणि एक अण्णांची सोडली, तर काठीवरच्या खुणा होत्या त्या सगळ्या न बसणाऱ्यांच्या!

"शिंदे," रावसाहेब वरून म्हणाले, "ही बाकडी मानसांची हायेत का उंटांची?"

"साहेब, मापं तर मी स्वतः..."

तेवढ्यात रांगेतून एक पैलवान पुढं आला. "सायेब, आमच्या भरतीचं काय झालं?"

पण एक गंमत सांगू? पाय लोंबकळत होते, तरी कुणी खाली उतरेना. वारं गार येत होतं. आजीबाई पाय हलवत एकमेकींशी गप्पा मारत होत्या. नळाकडच्या बाया हंडे शेजारी ठेवून बसल्या होत्या. रावसाहेबांनीही चप्पल मागून घेतली नाही. म्हणाले, "बाकडी ऱ्हाऊ द्या. उद्या खाली मुरूम टाका, जमीन वर घ्या." पुढं तसंच केलं आम्ही. नोकरी वाचली.

मी सुटकेचा निःश्वास टाकून एका बाकड्यावर कसाबसा चढून बसलो. शेजारी अण्णा सरकले. मग मिशीतल्या मिशीत म्हणाले, "जावईबापू, भावकीत लई जन इचारत हुते, पोरगा कसा हाय म्हनून. मी छातीठोक सांगितलं, पुन्याला शिकलाय, पर जमिनीपास्नं चार बोटं वर चालत न्हाई."

एवढं बोलून त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. मीही बघितलं.

चार बोटं कसली! चांगलं वीतभर अंतर होतं.